निजलेली आणि निघालेली

काचेसमोर मी अशी मध्येच थांबले की मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला. "अहो बाई, चालता चालता थांबता काय!" म्हणत तो पुढे गेला, आणि मी त्याला सॉरी म्हणायचंही विसरले. रोजचाच रस्ता. घरून हॉस्पिटलला जाताना आधी चष्म्याचं दुकान, मग किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी, मग हे कलादालन. त्याच्या काचेत मी आजवर फक्त स्वतःचे केस नीट आहेत का ते पाहून घेतलेलं. त्या सकाळी काचेमागे, एका उंच चौथऱ्यावर, ब्राँझची एक बाई निजली होती. कुशीवर. गुडघे जरासे पोटाशी घेतलेले, एक हात गालाखाली, दुसरा पुढ्यात सैल टाकलेला. सगळी मिळून माझ्या हाताएवढी लांब असेल. माणूस कुशीवर झोपलं की त्याच्या अंगाची एक टेकडी होते, तशी तिची झाली होती. आणि त्या टेकडीवरून, बरगड्या असतात त्या जागेवरून, एक जिना खाली उतरत होता. खराखुरा जिना, कठड्यासकट. त्या जिन्यावरून बोटाएवढी एक बाई उतरत होती. तीच ती. तोच मानेवरचा अंबाडा, तेच पडलेले खांदे. फक्त ही जागी होती, आणि हिनं आपल्या चपला हातात घेतल्या होत्या.

आवाज होऊ नये म्हणून. दुसरं काय कारण असणार? मी काचेला नाक लावून पाहत राहिले. छोटीची टाच उचललेली होती, सगळा भार चवड्यावर. ज्या पायरीवर तो चवडा टेकला होता ती पायरी किंचित दबलेली होती, गादी दबावी तशी, नव्हे, अंग दबावं तशी. म्हणजे तो जिना कातडीचाच होता. धातूची कातडी, तिची पायरी, आणि त्या पायरीला पावलाचं वजन कळत होतं. हे करणाऱ्या माणसाला हे कसं सुचलं असेल? सुचेलही एखाद्याला, पण त्या पायरीला नेमका केवढा खळगा पडायला हवा हे कसं कळलं असेल? जरा जास्त पडला असता तर विनोद झाला असता. जरा कमी असता तर नुसता जिना.  जे वाटलं त्याला आनंद म्हणावं की भीती हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही, आणि त्या दिवशी मी पहिल्या ऑपरेशनला उशिरा पोचले.

मी भूल देणारी डॉक्टर आहे. पेशंट मला दोनदाच बघतात, डोळे मिटताना आणि डोळे उघडताना, आणि दोन्ही वेळा त्यांना मी धड दिसत नाही. कापणाऱ्याचं नाव लोक जन्मभर सांगतात, झोपवणारीचं कुणाच्या लक्षात राहत नाही. याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. मला आवडतो तो एक क्षण, ज्याच्यासाठी मी या कामाला चिकटून राहिले असेन. पेशंट बोलत असतो, पोरांबद्दल, दुखण्याबद्दल, काहीही, आणि वाक्याच्या अर्ध्यात थांबतो. पापणीच्या केसांवरून मी बोट फिरवते, पापणी हलत नाही. माणूस समोर असतो आणि नसतो. कुठे जातो? आमच्या पुस्तकांत मेंदूबद्दल पुष्कळ काही आहे, पण हा प्रश्न मी कधी मोठ्यानं विचारला नाही. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं असतं. आणि इथे, चष्म्याच्या दुकानापासून दोन दारं सोडून, कुणीतरी त्याचं उत्तर ओतून ठेवलं होतं. उत्तर तरी कसलं म्हणावं? प्रश्नच, पण असा घडवलेला की त्याच्याभोवती फिरून येता यावं.

फिरून यायला मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत गेले. दालनातली मुलगी भली होती. माझ्या चेहऱ्यावरून मी काही घेणाऱ्यातली नाही हे तिला कळलं असणार, तरी तिनं खुर्ची दिली. म्हणाली, "बसून बघा. उभं राहून छोटी दिसते, बसलं की मोठी दिसते." खरंच होतं. बसल्यावर निजलेलीचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. ओठ जरा उघडे, गाल हातावर चेपून डोळ्याकडे सरकलेला. झोपेत चेहरा असा सांडतो, तो मी रोज बघते. पण मी तो सावरायला बघते, मास्क नीट बसावा म्हणून. हे घडवणाऱ्यानं तो सांडू दिला होता. मुलीनं सांगितलं की शिल्पकार एक म्हातारी बाई आहे, उलटसुलट स्वप्नांसारखी कामं करणारी, याच गावात राहणारी. या शिल्पाचं नाव 'दुपार'. याच्या आवृत्तीत नंबर कोरलेल्या आठच प्रती निघायच्या, ही पाचवी, आणि शेवटची अजून व्हायचीय. "म्हणजे हिच्यासारख्या आणखी?" मी विचारलं. "सारख्या म्हणजे… सख्ख्या बहिणी समजा. प्रत्येकीवर रंग निराळा चढतो." मग कामावर परतताना माझ्या डोक्यात तेच. कुठल्या कुठल्या शहरांत, कुणाच्या कुणाच्या खोल्यांत, त्या सगळ्या या घटकेला निजलेल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या कुशीतून एकेक जण चपला हातात घेऊन खाली उतरतेय.

दुपार. नाव ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण कळलं घरी आल्यावर, हात धुताना. आमच्या लहानपणी दुपारी जेवणं झाली की घर झोपायचं. बाबा पलंगावर, खाली सतरंजीवर ताई, आई आणि मी. पंखा घरघरायचा. मी डोळे मिटून पडलेली असायचे, आणि मग शेजारची जागा हलकी व्हायची. आई उठायची. पाऊल न वाजवता दारापाशी जायची, कोपऱ्यातल्या चपला उचलायची, आणि कडी काढताना दुसऱ्या हाताचा तळवा तिच्यावर दाबून धरायची. दार लागायचं तेही इतकं हळू, की फक्त उजेडाची एक पट्टी भिंतीवरून पुसली गेली एवढंच दिसायचं. मी पापण्यांच्या फटीतून बघायचे. उठून हाक मारली नाही कधी. का नाही, ते आज सांगता येणार नाही. हाक मारली तर जे घडतंय ते खरं ठरेल असं काहीतरी वाटत असावं. मी पडून राहायचे आणि घराची राखण करायचे. बाबांचा श्वास, ताईचा श्वास, एक वर, एक खाली. आज आई परत येणार नाही अशी रोज खात्री पटायची. आणि मग ती यायची. माझ्या शेजारी आडवी व्हायची, हात माझ्या पाठीवर टाकायची, तो हात उन्हानं तापलेला असायचा. तेव्हा कुठे मला झोप लागायची, आणि तेवढ्यात उठायची वेळ झालेली असायची.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी ताईला फोन लावला. "ताई, आई दुपारची कुठे जायची गं?"

"कधी?"

"आपण लहान असताना. सगळे झोपले की. चपला हातात घेऊन जायची बघ."

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं, ते ताईनं बंद केलं. "कुठेही जायची नाही. आपल्यात झोपायची. तुझ्या-माझ्या मध्ये. तुझे पाय तिच्या पोटावर असायचे, म्हणून मी भांडायचे, आठवत नाही?"

"मी जागी असायचे, ताई."

"तू? तू तर डाराडूर घोरायचीस. स्वप्न पडलं असेल बाईसाहेबांना." आणि मग जरा थांबून, आवाज उतरवून, "कशाला काढतेस आता ते? गेली बिचारी."

फोन ठेवून मी पुन्हा हात धुवायला गेले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. आणि खरंच काही झालं नव्हतं. फक्त माझ्या आयुष्यातली सगळ्यात पक्की आठवण कुणीतरी उचलून बघितली होती आणि 'ही तुमची नाही' म्हणून परत ठेवली होती. स्वप्न असेल तर मग तो तापलेला हात? स्वप्नात पाठीला चटका बसतो? मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काचेसमोर गेले. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी मला छोटीचा राग यायचा, आणि प्रत्येक वेळी ते काम आणखी सुंदर दिसायचं. दोन्ही एकदमच. तिच्या हातातल्या चपलांचे अंगठेसुद्धा झिजलेले दाखवले होते. इतकं मन लावून कुणी कुणाच्या निघून जाण्याची तयारी करून देतं का?

महिना गेला असेल. वॉर्डात दुसऱ्या दिवशीच्या पेशंटची तपासणी करत फिरत होते. खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी बाई होती, फाइलवरचं नाव वाचलं आणि थबकले. दालनातल्या पितळी पट्टीवर तेच नाव होतं. पलंगावर केस बारीक कापलेली, चिमणीएवढी बाई, नखांत मेण. स्टुलावर चढून काम करताना पडलेली.

"मी तुम्हाला भूल देणारी डॉक्टर."

"वा! म्हणजे खरी मालकीण तू. ये, बैस. छान गाढ झोपव मला."

मी तिची फुप्फुसं ऐकली. जन्मभराची प्लास्टरची धूळ आणि धातूचा धूर त्यात किरकिरत होता. म्हटलं, "पूर्ण भूल नाही देता येणार, बाई. कमरेखालचं बधिर करू. तुम्ही जाग्या राहाल."

"जागी?" ती उसळली, आणि पाय दुखला म्हणून कळवळली. "अगं, सगळा जन्म मी झोपेवर काम केलं. आता बघायला मिळेल म्हणून खूश होते, आणि तू मला दाराबाहेर उभी करणार?"

"दाराबाहेर उभ्या राहिलात तर परत घरी पाठवायची जबाबदारी माझी. आत गेलात तर मला शब्द देता येणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडलेली नव्हती, माझ्या कपाळाचं, नाकाचं माप घेत असल्यासारखं बघत होती. "शेवटची राहिलीय माझी," ती म्हणाली. "मेणात अर्धी झालीय. मेण उकाड्यात बसतं, मान वाकते. मी लवकर घरी गेले नाही तर ती बिघडेल. बरं, कर बधिर."

मग मला राहवलं नाही. सांगितलं, की मी ती पाचवी रोज बघते.

"कुणाला बघतेस? मोठीला की छोटीला?" मी तिच्या फाइलची पानं चाळू लागले. "विचार कर," ती म्हणाली, "उद्या सांग. मी जागीच आहे म्हणतेस ना?"

ऑपरेशन सकाळी. हाडांच्या सर्जनला आम्ही मागून सुतार म्हणतो, त्याला ते ठाऊक आहे आणि आवडतं. कमरेत सुई दिली, पाय जड झाले, छातीवर हिरवा पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे मी आणि तिचं डोकं, पलीकडे बाकीचं जग. ठोकाठोक सुरू झाली तशी बाई कान देऊन ऐकू लागली. "मनगटातून ठोकतोय. खांद्यातून नाही. बरा आहे."

"ऐकू येतं हं मला, आजी," पडद्यापलीकडून सुतार.

"यावं म्हणूनच बोलले. आणि आजी नको म्हणूस. काय बसवतोयस आत?"

"धातूचा गोळा. ओतीव."

"त्यावर नंबर कोरलाय?"

"असतो की."

"मग झालं," ती माझ्याकडे डोळे फिरवून म्हणाली, "मीही आवृत्तीतच निघाले." सगळी खोली हसली, सिस्टरसुद्धा, एरवी ती कधी हसत नाही. हसणं ओसरल्यावर बाई हळूच म्हणाली, "सांग आता. मोठी की छोटी?"

"छोटी," मी म्हटलं. तिच्या कानाशी वाकून, पलीकडे जाऊ नये म्हणून. "मला तिचा राग येतो. मागची उठली आणि ही नसली तर?"

"पळून चाललीय असं वाटतं तुला?"

"नाही तर काय?"

"वेडी का काय. पळणारा चपला घालतो आणि पळतो. मागच्याची झोप मोडेल याची त्याला कसली फिकीर? हिनं बघ, हातात घेतल्यात. अनवाणी चटके सोसेल पण आवाज करणार नाही. परत येऊन तिथेच आडवं व्हायचंय तिला, म्हणून तर एवढं जपतेय. जरा वेळ स्वतःची एकटी असू दे की बाईला." मी मॉनिटरकडे बघत होते. आकडे दिसत होते, वाचता येत नव्हते. ती पुढे बोलतच होती. "आणि मोठीचा तो मोकळा हात पाहिलास का? कुणी बघत नाही. पहिल्या खेपेला मलाच कळलं नव्हतं मी काय केलंय. त्याचं एक बोट…"

पडद्यापलीकडे सुतार म्हणाला, "सिमेंट भरतोय." हाडात गोळा पक्का बसवायला सिमेंट भरतात, आणि म्हाताऱ्या माणसांत कधी कधी त्याच क्षणी रक्तदाब कोसळतो. हे मला माहीत होतं, मी त्याची तयारी ठेवली होती. बाईचं वाक्य तिथेच तुटलं. चेहरा राखेसारखा झाला, डोळे अर्धे उघडे, आणि त्यांत ती नव्हती. मी पापणीच्या केसांवरून बोट फिरवलं. पापणी हलली नाही. ज्या क्षणावर मी इतकी वर्षं लट्टू होते तो क्षण न बोलावता आला होता, आणि मला तो नको होता. माझे हात आपलं काम करत होते. ऑक्सिजन वाढवला, औषध शिरेत सोडलं, सलाइन जोरात केलं, सुताराला थांब म्हटलं. पलीकडची ठोकाठोक बंद झाली. "बाई," मी हाक मारली. "बाई! डोळे उघडा. ऐकताय का?" लहानपणी जी हाक कधी मारली नव्हती ती अशी मोठ्यानं, सगळ्यांदेखत, बाहेर पडत होती. मी तिच्या गालावर हात ठेवला आणि हाका मारत राहिले. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मॉनिटरवरचा आकडा खाली होता, तिथेच होता, मग जरा हलला, मग एकेक पायरी चढावी तसा चढू लागला. ओठांना रंग आला. बाईनं दीर्घ श्वास घेतला.

"…जरासं उचललेलं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बोट. मोठीचं. जरासं उचललेलं आहे. तिला सगळं कळतंय. पडून राहून जाऊ देतेय ती." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुला काय झालं? डोळे कशाला पुसतेस?" आपण कुठे जाऊन आलो याचा तिला पत्ताही नव्हता. तिचं वाक्य तिनं जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं होतं.

त्या दिवशी घरी परतताना मी दालनात शिरले, त्या मोकळ्या हाताचं बोट पाहिलं. होतं उचललेलं, नखाएवढंच. इतके दिवस मी जिन्याकडेच बघत राहिले होते.

बाई लवकर घरी गेली. शेवटचीचं मेण तिनं चाकांच्या खुर्चीत बसून पुरं केलं, आणि ओतशाळेतून काम बाहेर आलं तेव्हा मला बोलावणं धाडलं. पत्र्याची उंच छपरी, एका कडेला भट्टी, जिकडे तिकडे मातीची कवचं आणि तारा. ओतारी म्हणजे तिचा जुना सोबती, कानात बोळे घालून फिरणारा माणूस. बाई त्याच्यावर ओरडत होती आणि तो मान डोलवून आपलं तेच करत होता. शेवटची टेबलावर होती. अजून तिच्यावर रंग चढवलेला नव्हता, ब्राँझ उघडं, नव्या कोऱ्या पितळेसारखं पिवळंधमक. दालनातल्या तिच्या बहिणीला दुपारची सावली होती; हिला भर उन्हात झोप लागली होती. मी तिच्याभोवती फिरले, एकदा, पुन्हा एकदा.  "बाई, कसं हो केलंत हे?" एवढंच म्हणाले, आणि माझं मलाच बाळबोध वाटलं. ती मात्र खुलली. "मलाही माहीत नाही. म्हणून तर एवढ्यांदा केलं."

मग तिनं ओताऱ्याला खूण केली. तो आतून साचा घेऊन आला. प्लास्टरच्या खोक्यात रबराची एक जाड साल असते, तिच्यात मेण भरूनच प्रत्येक प्रतीची सुरुवात झाली होती. ठरलेल्या प्रती झाल्या की तो मोडून टाकायचा, म्हणजे आणखी कुणाला काढता येऊ नये, खुद्द बाईलाही नाही. ओताऱ्यानं प्लास्टर फोडलं, आणि रबर माझ्या हातात दिलं. मऊ, थंड, आतल्या बाजूला निजलेलीचा चेहरा, उलटा, खोलगट. उजेडाकडे धरला आणि मी दचकले. खळगा फुगून बाहेर आला. गाल, ओठ, मिटलेले डोळे, सगळा भरीव चेहरा. मी डावीकडे सरकले तशी त्यानं माझ्या मागे मान वळवली, उजवीकडे सरकले तशी उजवीकडे. पोकळीच ती, पण ती मला सोडत नव्हती.

"सुंदर दिसतो ना? सगळ्यांत सुंदर तोच," बाई म्हणाली. "तो कुणाला दाखवता येत नाही." आणि तिनं सुरी पुढे केली. "काप."

"मी?"

"माझा हात थरथरतो आता. याला कापायला सांगितलं तर हा रडतो."

ओताऱ्याला ऐकू आलं नाही, की त्यानं तसं दाखवलं.

"बाई, मी कधीच कापत नाही. मी झोपवते. कापणारे दुसरे असतात."

"मग आज काप."

मी सुरी घेतली. चेहरा माझ्याकडे बघत होता, म्हणजे मिटल्या डोळ्यांनी जेवढं बघता येतं तेवढं. मी कपाळापाशी टोक लावलं. रबर आधी नुसतं दबलं, मग एकदम चिरलं, आणि चीर नाकावरून, ओठांवरून, हनुवटीपर्यंत माझ्या हाताआधी धावली. फुगलेला चेहरा आत बसला. हातात दोन जाड, ओबडधोबड तुकडे राहिले, त्यांना बघून कुणाला काही ओळखू आलं नसतं.  वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलंही. पण टेबलावरची ती पिवळी बाई त्या क्षणी आणखी निजल्यासारखी दिसली, आता हिला कुणी उठवणार नाही अशी. ओताऱ्यानं तुकडे उचलून डब्यात टाकले आणि डोळ्यांत गेलेली धूळ पुसायला पाठ फिरवली.

बाईनं माझ्या हातातून सुरी काढून घेतली, पण हात ठेवून घेतला. तळवा वर केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, मग एकेक बोट वाकवून, सोडून, पुन्हा वाकवून पाहिलं, आम्ही सुई टोचायच्या आधी शीर चाचपतो तशी.

"हा हात कुणी घडवलाय आजवर?"

"नाही."

"सोमवारी ये. सकाळी, उजेड सरळ येतो तेव्हा."

"सोमवारी माझी ऑपरेशनं असतात."

"मग मंगळवारी. आणि घाई करायची नाही हं. मला वेळ लागतो."

"येते," मी म्हणाले, आणि तिनं हात सोडावा म्हणून थांबले. ती सोडेना. तिचं बघून व्हायचं होतं अजून.